केनियाचा प्रवास, साठीनंतरची लस आणि एजंटाचे कार्ड

प्रश्न : मी वनखात्यातून निवृत्त झालो असून नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. वय ६७, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. पत्नीचे वय ६३. तिला आमवात असून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू आहेत. मुलगा नोकरीनिमित्त नैरोबीला असतो आणि सुनेचे बाळंतपण जूनअखेर तिथेच व्हायचे आहे, म्हणून आम्ही दोघे जुलैच्या मध्यावर मुंबईहून जाऊन सप्टेंबरात परतणार आहोत. मुलगा मसाई माराचे अभयारण्य आणि किनाऱ्यावरचे मोम्बासा दाखवायचे म्हणतो. ट्रॅव्हल एजंटाचे म्हणणे असे, की यलो फीवरची लस ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, केनियात ती कोणी विचारत नाही, या वयात टोचून घ्यायची गरज नाही आणि लस घेतल्याच्या प्रमाणपत्राचे कार्ड तो करून देईल. मलेरियाची आम्हांला भीती वाटत नाही. गडचिरोलीत भामरागडला असताना मला दोनदा होऊन गेला. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण पत्र निघण्याच्या पुष्कळ आधी, मे महिन्यातच लिहिले, हे फार बरे झाले, कारण आपल्या दोघांच्या बाबतीत जे ठरवायचे आहे ते शेवटच्या आठवड्यात ठरवता येण्याजोगे नाही.

आधी एजंटाचा विषय संपवतो. लस न घेता मिळणारे कार्ड घेऊ नका. ते खोटे सरकारी कागदपत्र आहे आणि विमानतळावर ते पकडले गेले तर जाब एजंट देणार नाही, आपण द्याल. त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते पटते. केनिया हे प्रमाणपत्र मुख्यतः यलो फीवर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतो, त्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याला तिथे कदाचित कोणी विचारणारही नाही. प्रश्न परतताना येतो. भारताने यलो फीवरचा धोका असलेल्या देशांची जी यादी केली आहे तिच्यात केनिया आहे, आणि अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

हा नियम इतका कडक का, याचे उत्तर आपल्याच घराच्या खिडकीत आहे. यलो फीवरचा विषाणू एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतो आणि नागपुरात उन्हाळ्यानंतर कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात वाढून डेंग्यू पसरवणारा डास तोच आहे. भारतात हा आजार आजवर आलेला नाही. डास मात्र तयार आहे आणि सव्वाशे-दीडशे कोटी माणसांपैकी जवळजवळ कोणाच्याच अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. आजारही साधा नव्हे. बहुतेकांना ताप येऊन उतरतो, परंतु ज्यांच्यात तो दुसऱ्या, विषारी टप्प्यात जातो, त्यांना कावीळ आणि रक्तस्राव होऊन त्यांपैकी जवळपास निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात, आणि विषाणूवर नेमके असे औषध नाही.

आता आपल्या स्वतःच्या लसीविषयी. ही जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. तिचा १७-डी हा वाण मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात विकसित केला आणि त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगभर आजही त्याच वाणापासूनची लस वापरतात आणि ती अत्यंत प्रभावी आहे. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच ती घेणाऱ्यांमध्ये एक दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा अधिक आढळतो. लसीतलाच विषाणू शरीरात वाढून यकृत, मूत्रपिंड किंवा मज्जासंस्थेवर हल्ला करतो. सर्व वयांचा हिशेब धरला तर हे लाखात साधारण एकाच्या बाबतीत घडते. साठीनंतर प्रमाण वाढते, तरी ते दुर्मीळच राहते. म्हणजे ६७ व्या वर्षी लस घेऊच नये असे नाही. तिची गरज किती आणि धोका किती, हे कोणीतरी आपली फाइल समोर ठेवून तोलायला हवे, आणि ते काम तिकिटे काढणाऱ्याचे नाही.

आपला मधुमेह आटोक्यात असेल, मूत्रपिंडे ठीक असतील, अंड्याची तीव्र ॲलर्जी नसेल आणि छातीतील थायमस ग्रंथीचा आजार किंवा तिची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर मारा पाहायला जाणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला मी लस घ्यावी असे म्हणेन. केवळ मधुमेह आहे म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. नोकरीत असताना कधी आफ्रिकेला गेला असाल आणि जुने कार्ड कपाटात असेल तर ते शोधा. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजन्म वैध धरले जाते, मग त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली का असेना.

सौभाग्यवतींची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. मेथोट्रेक्सेट शरीराची प्रतिकारशक्ती दाबते आणि प्रतिकारशक्ती दबलेली असताना जिवंत विषाणूची लस देणे सर्वसाधारणपणे टाळतात. लस घेता यावी म्हणून त्यांनी गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत, कारण आमवात उसळला तर बाळाला उचलून घेणेही कठीण होईल. त्यांच्या आमवाताच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा आणि त्यांना प्रवासाचा मार्ग तारखांसह दाखवा. लस देऊ नये असे त्यांचे मत पडले, तर वैद्यकीय कारणास्तव लस न दिल्याचे पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत घ्या आणि ते लसीकरण केंद्रातही दाखवा. एवढे केल्यावरही ते पत्र म्हणजे हमी नव्हे. परतताना त्यांना विलगीकरणात ठेवायचे की नाही, हा निर्णय विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांचा असतो आणि त्या शक्यतेची मनाची तयारी ठेवूनच निघावे. नियमातले सहा दिवस केनिया सोडल्याच्या तारखेपासून मोजतात. तेव्हा परतीच्या वाटेवर, या यादीत नसलेल्या एखाद्या देशात नातेवाइकांकडे आठवडाभर राहणे जमण्यासारखे असेल तर तोही एक सरळ मार्ग आहे.

कागदाचा प्रश्न सुटला तरी आजाराचा उरतोच. नैरोबी आणि मोम्बासा ही शहरे तसेच बहुतेक किनारपट्टी इथे यलो फीवरचा धोका इतका कमी मानतात की केवळ तिथेच राहणाऱ्या प्रवाशाला ही लस सहसा सुचवली जात नाही. मसाई माराचा भाग तसा नाही. त्यामुळे लस मिळाली नाही तर सौभाग्यवतींनी मारा सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंह पाहायचे राहिले म्हणून त्या फारशा खट्टू होतील असे वाटत नाही, कारण त्या चालल्या आहेत नातवंडासाठी. आणि वनखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या पत्नीने जंगल काही कमी पाहिले नसेल.

लस घेण्याच्या व्यवहारातही काही खाचाखोचा आहेत. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते आणि त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती एकदा विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक दिवशी, आधी नोंदणी करून माणसे जमवतात. फोन न करता गेलात तर हात हलवत परत याल. मूळ पासपोर्ट, चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. कार्डावर पासपोर्ट क्रमांक लिहिला जातो, म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण करायचे असेल तर ते आधी उरका. लस टोचल्यावर उठून जाण्याची घाई न करता कार्ड तिथेच वाचा. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, लसीचा बॅच क्रमांक, तारीख, केंद्राचा शिक्का आणि लस देणाऱ्याची सही आहे का, आणि आपली स्वतःची सही केली आहे का, हे सर्व पाहा. शेवटची सही सर्वांत जास्त वेळा राहून जाते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. आपण मात्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच लस घ्यावी, म्हणजे नंतर दोन-चार दिवस कणकण आली किंवा साखर वरखाली झाली तरी सावरायला वेळ राहील. काही देशांच्या प्रवासासाठी भारत सरकारने पोलिओच्या थेंबांची अटही घातलेली आहे; त्या देशांची यादी बदलत राहते आणि थेंब निघण्याच्या किमान चार आठवडे आधी घ्यावे लागतात, तेव्हा केंद्रातच तेही विचारून घ्या, आणि तिथेही सौभाग्यवतींच्या औषधाचा उल्लेख आधी करा.

आता मलेरिया. इथे आपल्याशी थोडे भांडणार आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागात काम केलेल्या माणसांमध्ये हा आत्मविश्वास नेहमी दिसतो आणि तो पूर्णपणे निराधार नाही. सतत डास चावत राहणाऱ्या माणसात मलेरियाविरुद्ध काही अंशी प्रतिकारशक्ती तयार होते. पण ती टिकाऊ नसते. त्या भागातून बाहेर पडल्यावर ती ओसरत जाते, आणि निवृत्तीनंतर इतकी वर्षे नागपुरात राहिलेल्या आपल्या अंगात तिच्यातले विशेष काही उरले असेल असे धरून चालू नये. आफ्रिकेतील मलेरियात सर्वांत जास्त बळी पडतात ते तिथली लहान मुले; आणि प्रवाशांमध्ये मार खातात ते बहुधा नातलगांना भेटायला जाणारे, 'आपल्याला सवय आहे' म्हणणारेच. केनियातील मलेरिया मुख्यतः फॅल्सिपेरम या घातक जातीचा आहे आणि आपल्या काळात दिली जाणारी क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही, तेव्हा घरात जुनी पाकिटे असतील तर ती सामानात भरू नका.

दिलासा एवढाच की, नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर, म्हणजे चिखलदऱ्याहूनही बऱ्याच वर आहे आणि त्या थंड हवेत मलेरियाचा धोका फारच कमी असतो. मुलाच्या घरी राहात असाल तोवर रोज गोळी घेण्याची गरज सहसा पडत नाही. मारा आणि मोम्बासा या दोन्ही ठिकाणी मात्र ती हवी. इथे दोन्ही आजारांचे नकाशे जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवा : मोम्बासाला यलो फीवरची फारशी चिंता नाही, मलेरियाची आहे, माऱ्याला दोन्हींची आहे.

प्रतिबंधक गोळ्यांत मुख्य निवड तीन प्रकारांत होते. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे आणि इथे सर्वत्र मिळते. ती मलेरियाच्या भागात जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून तो भाग सोडल्यावर आणखी चार आठवडे रोज घ्यावी लागते, म्हणजे माऱ्यातल्या चार दिवसांसाठी महिनाभराहून अधिक गोळ्या होतात. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला व्रण पडतो. शिवाय तिच्यामुळे उन्हाने त्वचा भाजते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची जोडगोळी तो भाग सोडल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पण महाग असते आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून आधीच चौकशी करावी. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असली तरी नैराश्य, फिट येणे किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असणाऱ्यांना ती देत नाहीत. आपल्याला कोणती योग्य, हे आपले फिजिशियन ठरवतील. सौभाग्यवतींच्या बाबतीत मात्र गोळी निवडताना मेथोट्रेक्सेटशी तिचे कसे जमते हे आमवाताच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज पहिली गोळी घेऊ नये, कारण डॉक्सिसायक्लिनमुळे मेथोट्रेक्सेटचा परिणाम वाढू शकतो.

आणि गोळी घेतली म्हणून डास चावू द्यायचे नाहीत. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, यलो फीवरचा दिवसा. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारे रसायन) असलेले मलम आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, एवढे पुरते. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी आणि डासांचे मलम त्यावर.

बाकीच्या लसींवर फार वेळ घालवत नाही. टायफॉइडची नवी, म्हणजे कॉन्ज्युगेट लस दोघांनी घ्यावी. फ्लूची या वर्षीची लस आणि न्यूमोकोकसची लस आपल्या वयाला व आजारांना प्रवास नसता तरी हवीच होती. या सर्व जिवंत नसलेल्या लसी आहेत आणि सौभाग्यवतींनाही चालतात. नवजात बाळाजवळ राहणार असल्याने धनुर्वाताचा डोस घेताना साध्या टीडीऐवजी डांग्या खोकल्यापासूनही संरक्षण देणारी टीडॅप मागा. तान्ह्या बाळाला हा खोकला घरच्या मोठ्यांकडूनच लागतो आणि त्या वयात तो जिवावर बेततो. आपल्या पिढीतील बहुतेकांना हेपटायटिस ए लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो, तेव्हा ती लस घेण्याआधी अँटिबॉडीची तपासणी करून पाहणे शहाणपणाचे. कोणी दहा लसींचे 'ट्रॅव्हल पॅकेज' पुढे केले तर प्रत्येक लस कशासाठी ते विचारा. रेबीजची आगाऊ लस आपल्याला अत्यावश्यक नाही, मात्र कुत्रा किंवा माकड चावले अथवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

इन्सुलिनचे दोन शत्रू आहेत, ऊन आणि गोठण. पुढच्या महिन्यांचा साठा घ्यायला आपण आत्ता, ४५ अंशांच्या नागपुरात बाहेर पडाल. तेव्हा बर्फाचा थेट स्पर्श होणार नाही अशा थंड पिशवीतून ते आणा आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून वाटेत दुसरी कामे करत बसू नका. विमानात ते नेहमी हातातल्या सामानात ठेवा, कारण खालच्या कप्प्यात गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी निकामी झालेले असते. सुया सोबत असल्याने डॉक्टरांचे पत्र हवे. त्यात औषधांची ब्रँडनावे न लिहिता मूळ नावे लिहून घ्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनाही ती कळतील. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे जाताना तो दिवस तेवढ्याने लांबतो. त्या दिवशीचा डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. औषधे दोघांच्या हातातल्या सामानात अर्धी-अर्धी वाटून ठेवा.

प्रवास विमा काढताना मधुमेह आणि आमवात दोन्ही जाहीर करा. चार-दोन हजार वाचवण्यासाठी ते लपवले तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो, आणि माऱ्यातून आजारी माणसाला नैरोबीला हलवायचे तर बहुधा विमानानेच हलवावे लागते. पॉलिसीत त्याची तरतूद आहे का, ते पाहा. जुलैत नैरोबीच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा स्वेटर ठेवा. आणि केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरिबॅगवर बंदी आहे. सुनेसाठी नेलेले डिंकाचे लाडू आणि आपली औषधे डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा.

परतल्यानंतरचे एक काम मात्र आत्ताच ठरवून ठेवा. आपण सप्टेंबरात नागपुरात याल, तो इथल्या डेंग्यूचा हंगाम असतो आणि तापाचा प्रत्येक रुग्ण डॉक्टरांना प्रथम डेंग्यूचाच वाटतो. फॅल्सिपेरम मलेरिया डास चावल्यानंतर साधारण सात दिवसांपासून पुढे, प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असतील तर कधी बऱ्याच उशिरानेही डोके वर काढतो आणि उपचाराविना थोड्या दिवसांत माणसाला बेशुद्धीत नेऊ शकतो. तेव्हा परतल्यापासून तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, लक्षणे सांगण्याआधी 'केनियाहून आलो आहे' हे सांगा आणि डेंग्यूच्या चाचणीबरोबर मलेरियासाठी रक्ताची काच (स्लाइड) तपासून घेण्याचा आग्रह धरा. पहिली काच निरंक आली आणि ताप राहिला, तर ती दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही पुन्हा तपासावी लागते.